चट्टा, फोड, व्रण : त्वचेच्या शब्दांचा इतिहास

एम.ए.च्या वर्गात अर्थपरिवर्तन शिकवताना अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थापकर्ष ही ठरलेली वाट असते, आणि तिच्यावरची उदाहरणेही ठरलेली असतात. काही वर्षांपूर्वी त्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, कोड आणि कुष्ठ एकच का?" प्रश्न व्युत्पत्तीचा आहे असे समजून मी उत्साहाने उत्तर दिले. संस्कृत 'कुष्ठ', प्राकृतात 'कोढ', त्यावरून हिंदीत 'कोढ़' आणि मराठीत 'कोड'. म्हणजे शब्द मुळात एकच. फळ्यावर बाणही काढले. मुलगी काही न बोलता खाली बसली. तास संपल्यावर तिने सांगितले की तिच्या थोरल्या बहिणीच्या हातावर पांढरे डाग आहेत आणि ठरत आलेले लग्न "घरात कुष्ठ आहे" या एका वाक्यावर मोडले आहे. तिला व्युत्पत्ती नको होती. तिला उत्तर हवे होते, आणि मी दिलेले उत्तर भाषाशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक असूनही तिच्या दृष्टीने घातक होते.

प्रस्तुत लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही. परंतु त्वचेवर जे दिसते त्याला माणसाने शब्द कसे दिले, ते शब्द कसे भटकले आणि त्यांनी कोणाचे काय केले, हा विषय वैद्यकाइतकाच साहित्य-भाषेच्या विद्यार्थ्याचाही आहे, असे मला वाटते.

१

शरीरातील बहुतेक आजार आत लपलेले असतात. त्वचेचा आजार मात्र उघड्यावर मांडलेला असतो. रोग्याला, वैद्याला आणि शेजाऱ्याला तो एकाच वेळी दिसतो. त्यामुळे येथे निदानाचे पहिले साधन भाषा हेच ठरते. जे दिसते ते असे सांगता आले पाहिजे, की न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर तेच उभे राहावे. कवीपुढचा आणि वैद्यापुढचा प्रश्न येथे एकच आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकाने हा प्रश्न सोडवला तो उपमेने. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत : सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. महाकुष्ठांची नावे पाहावीत. खापराच्या तुकड्यासारखे ते 'कपाल', पिकल्या उंबरासारखे ते 'उदुंबर', ऋष्य नावाच्या हरणाच्या जिभेसारखे खरखरीत ते 'ऋष्यजिह्व', कमळाच्या पाकळीसारखे ते 'पुंडरीक', गुंजेच्या रंगाचे ते 'काकणक'. 'मंडल' आणि 'सिध्म' ही उरलेली दोन. त्यांपैकी सिध्माला दुध्याच्या फुलाची उपमा दिलेली आहे. खापर, उंबर, हरणाची जीभ, कमळ, गुंज, दुध्याचे फूल या सर्व वस्तू शिष्याच्या रोजच्या पाहण्यातल्या. रंग, पोत, कडा आणि उंची या चारही गोष्टी एका शब्दात सामावून घेण्याची ही युक्ती आहे, आणि ग्रंथ पाठ करून विद्या पुढे न्यायची असते तेव्हा तिच्याइतकी उपयुक्त दुसरी नाही.

क्षुद्रकुष्ठांच्या यादीत मात्र आपल्याला आज निरनिराळे वाटणारे किती तरी विकार एकत्र येतात : दद्रु, पामा, विचर्चिका, विस्फोटक, पायांना भेगा पाडणारे वैपादिक. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. चरकाचा 'कुष्ठ' हा शब्द आजच्या कुष्ठरोगाचा वाचक नाही. त्वचेला विरूप करणाऱ्या विकारांच्या एका मोठ्या कुळाचे ते नाव आहे. त्या कुळात आजचा कुष्ठरोग आहे, आणि नायटाही आहे. सुश्रुताने तर दद्रूला थेट महाकुष्ठांत बसवले आहे. दोन आचार्यांची यादी सर्वस्वी जुळत नाही, यावरूनच कळते की सीमारेषा पक्क्या झालेल्या नव्हत्या. पांढऱ्या डागांसाठी 'श्वित्र' आणि 'किलास' हे शब्द होते. किलासाचा उल्लेख तर अथर्ववेदाइतका जुना आहे. म्हणजे पांढऱ्या डागांना वेगळे नाव होते. ते नाव मराठीत रुळले नाही, हाच पुढच्या गोंधळाचा उगम.

मराठीत जे उतरले तेही मनोरंजक आहे. 'चर्मकील' म्हणजे कातडीतला खिळा, त्याची आपली 'चामखीळ' झाली. 'व्यंग' या शब्दाचे 'वांग' झाले आणि तो चेहऱ्यावरच्या काळसर डागांपुरता उरला, तर मूळ तत्सम शब्द शरीराच्या कोणत्याही उणिवेसाठी राहिला. 'खर्जू'ची 'खरूज' झाली, 'स्फोटा'चा 'फोड' झाला. 'गजकर्ण' आणि 'नागीण' या नावांत उपमेची जुनी पद्धत अजून जिवंत आहे. नागिणीबद्दल एक योगायोग सांगण्यासारखा आहे. युरोपीय वैद्यक या विकाराला 'हर्पिस झोस्टर' म्हणते. 'हर्पिस' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील सरपटण्याचा धातू आहे, आणि 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. दोन दूरच्या भाषांनी एकाच पुरळाकडे पाहून सरपटणारे, वेढा घालणारे काही तरी पाहिले. आपल्याकडे मात्र उपमा तिथे थांबली नाही. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी समजूत तिने जन्माला घातली. वास्तविक ते पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उठते आणि मध्यरेषेपाशी थांबते. उपमा वर्णनाला मदत करते; पण तिला मोकळे सोडले तर ती स्वतःची कथा रचू लागते.

२

उपमेला बाजूस सारून व्याख्येने वर्णन करण्याचा प्रयत्न अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात झाला. लिनियसने वनस्पतींची जशी लावणी केली तशी रोगांची करता येईल, हा त्या काळचा विश्वास होता. व्हिएन्नातील योसेफ प्लेंक याने १७७६ मध्ये त्वचारोगांवरील लॅटिन ग्रंथात रोगांची १४ वर्गांत विभागणी केली. डाग, फोड, खपल्या, खवले, घट्टे, व्रण हे त्यातले काही वर्ग. नखांचे विकार आणि केसांचे विकार यांनाही त्याने स्वतंत्र जागा दिली. कारण कोणते, दोष कोणता, हे विचारण्यापूर्वी डोळ्यांना काय दिसते ते विचारा, असा या मांडणीचा आग्रह होता.

तो आग्रह पूर्णत्वाला नेला लंडनच्या रॉबर्ट विलनने (१७५७–१८१२). यॉर्कशरमधील क्वेकर घराण्यातला हा डॉक्टर लंडनच्या केरी स्ट्रीटवरील सार्वजनिक दवाखान्यात गरिबांवर उपचार करीत असे. १७९० मध्ये त्याने आपली वर्गवारी लंडनच्या मेडिकल सोसायटीपुढे मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. १७९८ ते १८०८ या काळात त्याचा ग्रंथ भागाभागांनी, रंगीत चित्रांसह प्रसिद्ध झाला. तो अपुराच राहिला. १८१३ मध्ये त्याचा शिष्य टॉमस बेटमन याने सारग्रंथ लिहून ही वर्गवारी सर्वत्र पोहोचवली. विलनचे गण आठ : पॅप्यूल, स्क्वामा, एक्झँथेमा, बुला, पस्ट्यूल, व्हेसिकल, ट्यूबर्कल आणि मॅक्यूल.

या नावांत नवे काही नव्हते. ते लॅटिनमधले रोजचे, किंबहुना घरगुती शब्द होते. 'मॅक्युला' म्हणजे डाग, मग तो कपड्यावरचा असो वा चारित्र्यावरचा. म्हणूनच निष्कलंक या अर्थाचा शब्द त्याच्यापासून सिद्ध झाला. 'बुला' म्हणजे बुडबुडा. त्याच आकाराच्या धातूच्या मुद्रेलाही तेच नाव पडले आणि पोपच्या आज्ञापत्राला 'बुल' म्हणतात ते त्यावरून. 'व्हेसिका' म्हणजे मूत्राशय, 'व्हेसिकल' ही त्याची लहान पिशवी. 'स्क्वामा' म्हणजे माशाचा खवला. विलनने केले ते इतकेच, की प्रत्येक शब्दाभोवती कुंपण घातले. पॅप्यूल म्हणजे लहान, टोकदार, भरीव उंचवटा, ज्यात द्रव नाही. व्हेसिकल म्हणजे लहान, गोल, आत स्वच्छ लस असलेला. तोच मोठा झाला की बुला. आत पू असला की पस्ट्यूल. मॅक्यूल म्हणजे केवळ रंगातील बदल. बोट फिरवले तर काही लागत नाही.

आजही जगभरचा वैद्यकाचा विद्यार्थी पहिल्या तासाला हेच शिकतो. मापे पुढे आली : सपाट डाग साधारण एक सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर त्याला मॅक्यूल न म्हणता पॅच म्हणावे, काही पाठ्यपुस्तके ही सीमा अर्ध्या सेंटिमीटरवर धरतात. भरीव उंचवटा रुंद आणि सपाट माथ्याचा असेल तर तो प्लाक. विलनच्या मांडणीवर टीकाही पुष्कळ झाली. एकच रोग आज पॅप्यूल, उद्या व्हेसिकल, परवा पस्ट्यूल असे रूप बदलत असेल तर तो कोणत्या गणात घालावा? पॅरिसमध्ये आलिबेरने १८२९ मध्ये त्वचारोगांचा 'वृक्ष' मांडला. व्हिएन्नात हेब्राने १८४५ मध्ये विकृतिविज्ञानाच्या पायावर नवी वर्गवारी केली. रोगांचे वर्गीकरण म्हणून विलनची व्यवस्था कोसळली. पण वर्णनाची भाषा म्हणून ती टिकली. एखाद्या जुन्या व्याकरणाचा सिद्धांत मोडीत निघावा आणि त्याच्या संज्ञा मात्र सर्वांनी वापराव्यात, तसेच हे झाले.

३

असल्या बारकाव्यांनी काय साधते, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे.

जेनरचा गोस्तन देवीवरील निबंध १७९८ सालचा. त्याची लस व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करीत मुंबईला पोहोचली, आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीच्या हातावर हिंदुस्थानातील पहिले यशस्वी लसीकरण झाले. त्या काळी शीतपेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा, त्याला फोड आला की तिसऱ्याच्या, अशी ती साखळी होती. या साखळीचा जीव एका संज्ञेत होता. साधारण आठव्या दिवशी फोड मोत्याच्या रंगाचा, मध्ये खोलगट आणि आत नितळ द्रव असलेला असे, तो व्हेसिकल. आणखी थोडे दिवस गेले की द्रव गढूळ होई, पुवाचा फोड होई, तो पस्ट्यूल. पहिल्यातून घेतलेला द्रव संरक्षण देई. दुसऱ्यातून घेतलेला भरवशाचा नसे. खऱ्या आणि खोट्या गोस्तन देवीचा वाद युरोपात त्यावरूनच पेटला होता, आणि विलनने १८०६ मध्ये लसीकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. 'फोड' या एका शब्दाने दोन्ही अवस्था झाकल्या असत्या तर साखळी तुटली असती.

पावणेदोनशे वर्षांनी याच ज्ञानाची दुसऱ्या टोकाने गरज पडली. देवीची शेवटची मोहीम चालू असताना गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना देवी आणि कांजिण्या यांतला फरक ओळखायचा होता. देवीत शरीराच्या एका भागावरचे सर्व फोड एकाच अवस्थेत असतात. कांजिण्यांत डाग, पुटकुळ्या आणि खपल्या शेजारी-शेजारी दिसतात. हे समजावण्यासाठी त्यांच्या हाती देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड दिलेले असे. आपल्या आज्यांना हा फरक कार्डाशिवाय कळत असे, हेही येथे नोंदवले पाहिजे. 'देवी' आणि 'कांजिण्या' हे दोन शब्द भाषेने वेगळे ठेवले ते उगीच नाही. भारतातील देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मधला. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. वण अंगावर घेऊन जगणारी पिढी तेवढी उरली.

४

आता कुष्ठाकडे येतो. येथे शब्दांचा गोंधळ केवळ आपला नव्हता. ग्रीक भाषेत 'लेप्रा' म्हणजे खवले सुटणारा त्वचाविकार. आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो त्याला ग्रीक वैद्य 'एलिफँटायसिस' म्हणत. हिब्रू धर्मग्रंथातील 'त्साराअथ' हा धार्मिक अशुद्धीशी जोडलेला शब्द ग्रीकमध्ये आणताना भाषांतरकारांनी 'लेप्रा' वापरला, आणि खवल्यांच्या साध्या विकाराला पापाचा रंग चढला. पुढे अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले तेव्हा कुष्ठरोगाच्या अरबी शब्दालाही 'लेप्रा' हाच प्रतिशब्द मिळाला. एका शब्दावर तीन अर्थ बसले. इतका काटेकोर विलन, पण त्याच्याही ग्रंथात 'लेप्रा' खवल्यांच्या गणात आहे; आजच्या भाषेत तो बहुतांशी सोरायसिस. खरा कुष्ठरोग त्याच्या परंपरेत 'एलिफँटायसिस' म्हणून ट्यूबर्कलच्या गणात गेला. भाषांतराने किती माणसे गावाबाहेर घालवली असतील याचा हिशेब कोणी करू शकणार नाही.

मुंबईत हा गुंता सोडवायला बसलेला माणूस म्हणजे हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ग्रे याच्या प्रसिद्ध शरीररचनाग्रंथातील (१८५८) चित्रे त्याचीच. त्याच वर्षी तो मुंबईला आला; साताऱ्यासही त्याने सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. १८७४ मध्ये त्याने कुष्ठ आणि एलिफँटायसिस यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याच्या हाताला शरीराची रेषा पक्की ठाऊक होती तो आता चट्ट्यांच्या कडा, गाठी आणि जाड झालेल्या नसा रेखाटू लागला. नॉर्वेतील हॅन्सनला १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू दिसला तो याच सुमारास. आपल्या भाऊ दाजी लाडांनीही याच काळात कडू कवठीच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोग्यांवर उपचार केले. कालिदासाच्या काळावर लिहिणारे आणि शिलालेख वाचणारे भाऊ दाजी आपल्याला ठाऊक असतात. शिलालेखाइतक्याच बारकाईने रोग्याची त्वचा वाचणारे भाऊ दाजी आपण विसरतो.

मराठीच्या अभ्यासकाला आणखी एक नाव परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे हॅरी ॲक्वर्थ. शाहिरी वाङ्मयाच्या संदर्भयादीत त्यांचे नाव नसलेले पुस्तक क्वचित सापडेल. हेच ॲक्वर्थ मुंबईचे महापालिका आयुक्त होते, आणि १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला तो त्यांच्या पुढाकाराने. पुढे वडाळ्याच्या त्या रुग्णालयाला त्यांचेच नाव मिळाले. एकाच माणसाने रस्त्यावर डफ वाजवून गाणाऱ्यांचे शब्द गोळा केले आणि रस्त्यावर भीक मागणाऱ्या रोग्यांनाही गोळा केले. पहिल्या कामाला आपण संकलन म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणावे, यावर अभ्यासकांत मतभेद होतील. त्यात करुणा होती, आणि शहराच्या नजरेआड करण्याची व्यवस्थाही होती.

१८९८ च्या कुष्ठरोगी अधिनियमात या व्यवस्थेला कायद्याचे रूप मिळाले. त्यातील व्याख्या आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कुष्ठरोगाचा कोणताही प्रकार झालेला आणि ज्याच्या शरीरावर व्रण पडण्याची क्रिया सुरू झाली आहे, तो 'कुष्ठरोगी'. असा माणूस निर्धन असेल, भीक मागत असेल वा निराधार भटकत असेल, तर पोलिसाने वॉरंटाशिवाय त्याला पकडावे, तपासणी व्हावी आणि आश्रमात धाडावे. म्हणजे त्वचावर्णनाची एक संज्ञा, 'व्रण', ही माणसाच्या स्वातंत्र्याची सीमारेषा झाली. चट्टा असेल तर घरी, व्रण पडला तर आत.

आणि ती सीमारेषा चुकीच्या जागी होती. पुढच्या संशोधनाने, विशेषतः वेल्लोर येथील पॉल ब्रँड यांच्या कामाने हे स्पष्ट केले, की कुष्ठरोग्याच्या तळव्यावरचा व्रण बहुधा नसा बधिर झाल्यामुळे पडतो. काटा रुतला, चटका बसला, तरी कळत नाही. म्हणून जखम वाढते. त्या व्रणातून रोग पसरत नाही. जंतू बाहेर पडतात ते मुख्यतः उपचार न घेतलेल्या काही रोग्यांच्या नाकावाटे. ज्याला वेदना कळत नाही म्हणून जखम झाली, त्याला त्या जखमेबद्दल कायद्याने पकडले. वर्णन अचूक असूनही अर्थ चुकला तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

५

मराठीने या काळात काय केले? तीन शब्दांचे प्रवास पाहू.

पहिला 'महारोग'. सुश्रुताने बरे होण्यास कठीण असे आठ 'महागद' सांगितले आहेत. त्यांत वातव्याधी, प्रमेह, मूळव्याध, भगंदर, मुतखडा, मूढगर्भ आणि उदर यांच्या पंक्तीला कुष्ठ आहे. मराठीने मोठा रोग या अर्थाचा शब्द त्या एकालाच दिला. मधुमेही हा महारोगी राहिला नाही. पाठ्यपुस्तकातील अर्थसंकोचाला याहून चांगले उदाहरण नको. मात्र हा संकोच भीतीने घडवलेला आहे. तोच शब्द पुढे सेवेच्याही अंगाने आला. बाबा आमटे यांच्या वरोऱ्याच्या संस्थेचे नाव 'महारोगी सेवा समिती'. ज्या शब्दाने माणूस हद्दपार होत होता तोच शब्द पाटीवर लिहून आनंदवन उभे राहिले.

दुसरा शब्द 'रक्तपिती'. आयुर्वेदात 'रक्तपित्त' हा नाक, तोंड इत्यादी मार्गांनी रक्त जाण्याचा विकार. मराठीत 'रक्तपिती' म्हणजे कुष्ठरोग. हा अर्थांतराचा नमुना.

तिसरा 'कोड', ज्याच्यापासून आपण सुरुवात केली. हिंदीत 'कोढ़' कुष्ठरोगापाशी थांबला. मराठीत 'कोड' पांढऱ्या डागांकडे गेला. म्हणजे मराठीने खरे तर एक उपयुक्त भेद केला होता : रोगाला महारोग, पांढऱ्या डागांना कोड. हा भेद पुसला तो सुशिक्षितांनी. 'कोड' हा शब्द ग्राम्य वाटला म्हणून त्याला 'श्वेतकुष्ठ' असे संस्कृत वस्त्र नेसवले, आणि लोकभाषेने वेगळे केलेले दोन विकार शिष्टभाषेने पुन्हा एका शब्दात बांधले. तत्सम शब्द अधिक शास्त्रीय असतो या आपल्या समजुतीची ही किंमत आहे, आणि ती त्या विद्यार्थिनीच्या बहिणीने मोजली.

परिभाषेच्या प्रश्नाकडेही याच नजरेने पाहावे. त्वचेच्या वर्णनासाठी पिटिका, पुटिका, पूयिका अशी संस्कृत नावे घडवता येतात. ती कानाला इतकी सारखी लागतात की विद्यार्थ्याला त्यांपेक्षा लॅटिन सोपे वाटते. उलट घरातले शब्द पाहा : सपाट तो डाग, पसरला की चट्टा, भरीव उंचवटा ती पुळी, खोल आणि घट्ट असेल तर गाठ, पाणी भरलेली पुटकुळी, मोठा झाला की फोड, पू धरला की पिकलेला, अंगावर पित्त उठते तेव्हाच्या त्या गांधी, सुटतो तो कोंडा वा पापुद्रा, वाळून बसते ती खपली, चिरते ती भेग, नखाने होतो तो ओरखडा, खोल जाते ते क्षत, आणि मागे राहतो तो वण. विलनने लॅटिनच्या घरगुती शब्दांना कुंपण घातले तसे आपल्या शब्दांना घालता आले असते. आपण शब्द नवे केले आणि कुंपण घालायचे राहून गेले.

रंगांबाबतही असेच आहे. युरोपीय परिभाषा गोऱ्या त्वचेवर घडली; तिच्यात 'लाली' हे दाहाचे पहिले लक्षण. सावळ्या वा काळ्या त्वचेवर तीच लाली तांबूस-काळी, जांभळट दिसते, किंवा सहज दिसतच नाही. लंडनमधील वैद्यकाचा विद्यार्थी मलोन मुकवेंडे याने २०२० मध्ये सहकाऱ्यांसह काळ्या-सावळ्या त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हा ही उणीव जगाच्या ध्यानात आली. अरुण, श्याव, कृष्ण, ताम्र असे रंगभेद बारकाईने नोंदवणारी परंपरा ज्या देशात होती, तेथील विद्यार्थीही गोऱ्या त्वचेच्या छायाचित्रांवरूनच शिकत आला, हे विशेष.

६

आता त्या प्रश्नाचे उत्तर.

कोड आणि कुष्ठ हे शब्द एका मुळाचे आहेत; विकार एका मुळाचे नाहीत. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात आणि डाग दुधासारखा पांढरा होतो. तेथे स्पर्श, उष्णता, वेदना सारे नेहमीसारखे कळते. तो संसर्गाने कोणाला होत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, सहसा पूर्ण पांढरा नसतो, आणि त्याची खूण डोळ्यांनी नव्हे तर कापसाच्या बोळ्याने पटते : तेथे स्पर्श कळत नाही वा कमी कळतो. हा रोग जंतूमुळे होतो आणि औषधांनी बरा होतो. उपचार ठरवताना चट्टे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत पाचपर्यंत चट्टे असतील तर अल्पजंतुक, त्याहून अधिक असतील तर बहुजंतुक, आणि त्यानुसार औषधे सहा महिने किंवा बारा महिने. ज्या शब्दाने एके काळी घर सुटत असे तो आता मोजण्याची वस्तू झाला आहे. ही भाषेच्या इतिहासातील मोठी सुटका आहे.

कायदाही सावकाश मागे आला. १८९८ चा अधिनियम २०१६ मध्ये पुस्तकातून काढला गेला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ मध्ये रद्द झाली. शब्द मात्र कायद्यापेक्षा दीर्घायुषी असतात. 'श्वेतकुष्ठ' हा शब्द आजही जाहिरातींत दिसतो, आणि स्थळांच्या चौकशीत कुजबुजला जातो.

सुश्रुताने 'व्रण' या शब्दाची उपपत्ती सांगताना म्हटले आहे, की जखम भरून आली तरी तिची खूण देह असेपर्यंत जात नाही, म्हणून तिला व्रण म्हणावे. मराठीने त्या शब्दाचा 'वण' केला आणि नेमकी ती खूणच जपली. त्या तासानंतर मी अर्थपरिवर्तन शिकवताना 'कोड' हे उदाहरण घेतो, पण फळ्यावर बाण काढण्याआधी दोन विकारांतला फरक सांगतो आणि मग व्युत्पत्तीकडे वळतो. ती मुलगी केव्हाच पास होऊन गेली. तिच्या बहिणीचे पुढे काय झाले हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.